पिठाच्या चाळणीतून शेंदूर

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आमच्या पॅकिंग खात्यात सगळे माझ्या तोंडाला भितात. भितात ते बरंच आहे. आमच्याकडे शिशापासून केशरट लाल पावडर बनते, रंगवाले आणि बॅटरीवाले नेतात. मैद्याहून मऊ, आणि ओंजळभर उचलली तर मनगट खाली जाईल इतकी जड. दिसायला अशी सुरेख की नव्या बायका पहिल्या दिवशी बोट लावूनच बघतात. मी त्या बोटावर चापट मारते आणि मग सांगायला बसते. पोतं उघडायच्या आधी आत काय आहे ते विचारायचं. मास्क नाकाखाली दिसला तर घरी पाठवीन. सांडलं तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, कारण झाडूने उडालेली धूळ दिसत नाही पण छातीत जाते. आत घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. शिसं एकदा अंगात शिरलं की जुन्या भाडेकरूसारखं हाडात ठाण मांडतं, निघता निघत नाही. आणि लहान पोरांना तर चिमूटभरही बाधतं, म्हणून कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. एकाच्या खिशात फुटाणे सापडले तेव्हा मी तो खिसा सगळ्यांसमोर उलटा केला होता. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मी स्वतःही तशीच वागते. सुटी झाली की तिथेच डोक्यावरून अंघोळ, तिथल्या चपला तिथेच. नवरा गेल्यापासून मी माहेरच्या वस्तीवर राहते. आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. मी आले की ती ओसरीवरून थेट माझ्या अंगावर उडी टाकते. त्या एका उडीसाठी मी नखंसुद्धा ब्रशने घासून येत असे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

आमच्या बांधावर म्हसोबा आहे. दर अवसेला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, ही आईची रीत. बाजारातल्या पुडीतला शेंदूर फिका पडतो, अशी तिची कायमची कुरकुर. आमची लाल पावडर म्हणजे अस्सल शेंदूरच. एकदा एक पोतं फुटलं आणि मालक म्हणाले, "ताई, न्या थोडा देवाला." त्यांच्या घरच्या मारुतीलाही हाच जातो. मी दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणला. बांधताना माझ्या हातात मोजे होते, तोंडाला मास्क होता. घरी येऊन पिशवी आईच्या हातात दिली. मास्क काही दिला नाही. देवाच्या वस्तूने कुणाला बाधेल हे डोक्यातच आलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. आलं होतं. पण पिशवी उघडल्यावर आई तो रंग बघून इतकी हरखली की मी गप्प बसले.

त्या अवसेला मी घरीच होते. आई ओसरीवर परात घेऊन बसली आणि पोरगी तिला चिकटून.

"गाठी लई हायेत गं ह्येच्यात," आई म्हणाली.

"मग चाळून घे की," मी म्हणाले, आणि मीच उठून स्वयंपाकघरातली पिठाची चाळण आणून दिली.

आईने चाळायला घेतलं. ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात तांबूस धूळ तरंगायला लागली आणि पोरगी त्यात हात फिरवून खिदळायला लागली. खात्यात कुणी असं केलं असतं तर त्याला मी गेटबाहेर काढलं असतं. घरी मी बाजूला बसून चहा पीत होते. मग आईने त्याच परातीत तेल ओतून हाताने कालवलं, म्हसोबा लालबुंद केला आणि उरलेल्याचा टिळा नातीला लावला. पोरीने टिळा पुसून बोट चोखलं. "देवाचा परसाद खाल्ला बया," म्हणून आम्ही हसलो. परात राखेने घासून निघाली, चाळण झटकून खुंटीला गेली. पुढे दर अवसेला हेच. पोरगी आता आपणहून कपाळ पुढे करायची.

काही महिन्यांनी तिचं खाणं तुटलं. पोट धरून रडायची, शौचाला व्हायचं नाही, ओसरीच्या भिंतीची माती नखाने खरवडून खायची. रंग पार उतरला. आईने सगळा ठपका भावजयीवर ठेवला. "मोबाईल बघत भरवल्यावर पोराच्या अंगाला काय लागायचं?" मीही मागे राहिले नाही. आईपेक्षा दोन शब्द जास्तच बोलले, आणि कामावर बोलते त्याच आवाजात बोलले. भावजय उलट बोलणाऱ्यातली नाही. ती पोरीला उचलून आत जायची.

शेवटी नगरला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी भाऊ, भावजय आणि मी, तिघंही गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, हिच्या रक्तात शिसं आहे, नको तितकं आहे. घरात कुणी बॅटरीच्या, रंगाच्या कामाला आहे का?

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"मी अंघोळ केल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकत नाही," मी म्हणाले. "माझं रक्त कारखान्यात तपासतात, ते मर्यादेत येतं. माझ्याकडून नाही गेलेलं."

"मग दुसरीकडून जातंय," डॉक्टर म्हणाले. "ते शोधा. घरात जात राहिलं तर मी औषध देऊन काय उपयोग? या वयात ते मेंदूच्या वाढीवर जातं."

येताना गाडीत मी भावजयीला विचारलं, "तू पोरीला काजळ कुठलं घालतेस? काही काजळातही शिसं असतं." बघा, अजूनही माझं बोट तिच्याकडेच होतं. तिने पिशवीतून काजळाची डबी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

घरी आल्यावर ती भाकरीला बसली. खुंटीवरची चाळण काढून बाजरीचं पीठ चाळू लागली. मी समोर उभी होते. चाळणीच्या कडेला, जाळी जिथे पत्र्यात दुमडते तिथे, गोल फिरलेली केशरी रेघ होती. तो रंग मी रोज बघते. घरातली प्रत्येक भाकरी त्या चाळणीतून आली होती.

मी तिच्या हातातून चाळण काढून घेतली आणि पीठ परातीसकट उचललं. आई ओरडली, अन्नाची नासाडी काय करतेस म्हणून. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. शेंदूर, परात, चाळण, टिळा. आईला पटेना.

"द्येवाच्या शेंदरानं कुनाला काय हुतंय?"

"होतं, आई. हाताळताना आम्ही मोजे घालतो."

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. भाऊ उठून बाहेर गेला. भावजय चुलीपुढे तशीच बसली होती. जाळ विझत आला तरी तिने लाकूड सारलं नाही. मग तिने एकच विचारलं.

"तुमाला म्हाईत हुतं, ताई?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं.

"व्हय," मी म्हणाले. "माहीत होतं."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चाळण, परात, उरलेली पिशवी मी गुंडाळून कारखान्यात परत नेली. ओसरी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली, फडकीही घरात ठेवली नाहीत. सगळ्यांची रक्तं तपासली, मोठ्यांच्या रक्तात थोडंच निघालं. पोरीचं शिसं उतरतंय, असं डॉक्टर म्हणतात. पण डोक्याचं जे नुकसान व्हायचं ते किती झालं, हे शाळेत गेल्यावरच कळेल, असंही म्हणतात. ती एखादा शब्द विसरली, उगाच चिडली, तरी मला शिसंच आठवतं. सगळीच पोरं विसरतात, चिडतात. मला आता तसं वाटून घेता येत नाही.

परवाच्या अवसेला मी म्हसोबाला गेरू आणला. आई रुसून आली, पण आली. जुना शेंदूर खरवडायचा नाही, धूळ उडेल, म्हणून मी त्यावरूनच हलक्या हाताने गेरू लावला. पोरगी पळत आली, डोळे मिटले आणि सवयीने कपाळ माझ्यापुढे केलं. "आत्या, मला."

माझं बोट वाटीत होतं. भावजय मागून आली आणि पोरीला खांद्याला धरून मागे घेतलं.

"आदी सांगा," ती म्हणाली, "ह्येच्यात काय काय हाय."

मी सांगितलं. गेरू कुठून आणला, तो लोखंडी मातीचा असतो, त्यात शिसं नाही हे कारखान्यातून कसं तपासून घेतलं, तेल कुठलं, वाटी कुठली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मधे दोनदा परत विचारलं. मग माझ्या हातातली वाटी घेतली आणि टिळा स्वतःच्या बोटाने लावला.