क्वाचाची उडी

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या हेमचंद्रला माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, आणि असलीच तर ती बिनमहत्त्वाची होती. मूळचा कोथरूडचा, इथे डेटा अॅनालिस्ट. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं. सहा वर्षांत तो दोनदा उलट्या दिशेच्या ट्रेनमध्ये बसून भलतीकडे पोचला, पण फलाटावरच्या माणसाला विचारलं नाही म्हणजे नाही.

यंदा गाठ पडली ती आफ्रिकेशी. झांबियाचा क्वाचा आणि टांझानियाचा शिलिंग यांच्या आपसातल्या दराचा वीस वर्षांचा इतिहास मांडायचं काम ऑफिसने त्याला दिलं. सोमवारचं प्रेझेंटेशन नीट झालं तर कायमचं कॉन्ट्रॅक्ट, नाहीतर वर्षअखेर गाशा गुंडाळायचा. दोन्ही देश त्याने नकाशात पाहिले होते. तेवढं त्याला पुष्कळ झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आला २०१३चा जानेवारी. आदल्या दिवशी एका क्वाचाला एक अख्खा शिलिंगसुद्धा मिळत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी मिळाले तीनशे! दुसरा कुणी दचकला असता. हेमचंद्र खूश झाला. त्याने झांबियातल्या तांब्याच्या तेजीचा सिद्धांत रचला, त्यात चीनला ओढलं आणि अकरा रंगीत स्लाइड्स करून टाकल्या.

शनिवारी शेजारच्या घरी वाढदिवस होता. डच वाढदिवस म्हणजे खुर्च्या गोल मांडायच्या, उत्सवमूर्तीसकट सगळ्या नातेवाइकांचं अभिनंदन करायचं आणि केकचा एक तुकडा दोन तास पुरवायचा. यजमानाची बायको चिलुफ्या, झांबियाच्या राजधानीतली, लुसाकाची. तिथल्या बँकेत काउंटरवर दहा वर्षं काढलेली, इथे दोन वर्षं नोकरी शोधत होती. मार्चमध्ये तिने आपला सीव्ही हेमचंद्रला पाठवला होता. 'बघतो,' असं म्हणून त्याने तो उघडलासुद्धा नव्हता. आता तिच्याच शेजारी बसून हा गृहस्थ तिला काय शिकवत होता? क्वाचा!

"त्या एका दिवसात तुमचं चलन हजार पट वधारलं," तो म्हणाला. "तांबं!"

चिलुफ्या आधी हसली. मग तिला कळलं, की हा विनोद नाही.

"वधारलं कुठलं? सरकारने नोटांवरची तीन शून्यं काढली. जुने हजार म्हणजे नवा एक. माझ्या वडिलांचे पन्नास लाख मीच पिशवीतून नेऊन बदलून आणले. पाच हजार झाले. बाबा आठवडाभर जेवले नीट नाहीत. पाव तेवढाच येतो, हे त्यांना कितीही सांगितलं तरी पटेना."

"तो वैयक्तिक अनुभव झाला," हेमचंद्र केक कोरत म्हणाला. "डेटा वेगळं सांगतो."

घ्या! जिने हाताने नोटा मोजल्या तिला हे ऐकवायचं. समोरच्या खुर्चीत त्याची बायको मृदुला लाजेने अर्धी झाली. घरी पाऊल टाकल्या टाकल्या ती कडाडली, "अरे, बँकेत होती ती! हजाराने भागून तरी बघ एकदा."

बायकोचं ऐकायचं म्हणजे पुन्हा तेच नाक. पण रविवारी दुपारी ती माहेरी फोनवर आहे असं बघून त्याने गुपचूप भागून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ झाली! तांबं गेलं, चीन गेला, अकरा स्लाइड्स गेल्या. घाम फुटला बिचाऱ्याला. सोमवारी हेच सगळ्यांसमोर मांडलं असतं तर?

सोमवारी तो छाती काढून उभा राहिला. "दर हजार पट वाढलेला दिसतो. मला शंका आली. मी मुळापर्यंत गेलो." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि हा तर फणा काढून डोलत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब योरिसने हात हातात घेऊन कॉन्ट्रॅक्ट पक्कं केलं आणि म्हणाला, "घाना, मोझांबिक, तिथेही शून्यं उडवलीत. असला बदल स्वतः हाताळलेलं माणूस आपल्याला हवंय. लगेच घेऊ. आहे कुणी ओळखीत?"

होतं की! एका भिंतीपलीकडे होतं. पण ती ऑफिसात आली, की पहिल्याच कॉफीला सगळ्यांना कळणार, हे महाशय कुठल्या मुळापर्यंत गेले होते ते.

"नाही," हेमचंद्र म्हणाला. "असं कुणी नाही."

घरी आनंदीआनंद. मृदुलाने दुपारीच पेढे केले होते. "आधी चिलुफ्याला देऊन ये," ती म्हणाली, "तू भागून पाहिलंस ते कळलंय मला. तिच्यामुळेच निभावलं. आणि ऑफिसात तिचं नाव सांगितलंस ना?"

"विषयच निघाला नाही," म्हणत त्याने डबा उचलला.

चिलुफ्याने दार उघडलं, बातमी ऐकून दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला. खरोखरच आनंद झाला होता तिला. मग जरा थांबून, संकोचाने तिने विचारलं, "आणि माझं काही... तुमच्याकडे?"

"विचारलं मी," हेमचंद्र म्हणाला. "सध्या जागा नाहीये."

"असू दे," ती म्हणाली. "आजच्या गडबडीतही तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. इथे कोण करतं एवढं?"

आणि तिने त्याला आग्रहाने आत बोलावून कॉफी पाजली.