बोटीचं बूच

बोट घेतली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, बाबांसाठी घेतोय. साफ खोटं. घेतली मिरवायला. इथे बहरीनमध्ये ऑफिसातल्या दोघा-तिघांकडे बोटी होत्या, माझ्याकडे नव्हती, एवढंच कारण. पण बाबांचं नाव पुढे केलं की बायको वाद घालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा अलिबागजवळच्या आमच्या कोळीवाड्यातले तांडेल. होडीवर सुकाणू तांडेलाच्या हातात असतं, आणि किनारा सुटला की त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. चाळीसेक वर्षं त्यांनी होडी चालवली. मग गुडघे गेले, होडी चुलत्याकडे गेली, आणि बाबा दारात बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधू लागले. लहानपणी मी त्यांना 'तू' म्हणायचो. आमच्यात तसंच म्हणतात. पुण्याची बायको आली आणि मी 'तुम्ही' म्हणायला लागलो. बाबांना ते आवडलं नाही, पण बोलले नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

फोनवर मी त्यांना म्हणालो, "तुम्ही या. पहिली फेरी तुमची. सुकाणू तुमच्या हातात."

पलीकडे गुडघ्यांवर हात टेकत ते उठले, हे कण्हण्यावरून कळलं.

"खरा?" त्यांनी विचारलं.

"खरं म्हणजे काय! शब्द देतो."

शब्द द्यायला माझं काय जात होतं? त्यांनी मात्र तो अख्ख्या कोळीवाड्याला सांगितला. व्हिजिट व्हिसावर आले ते सुकट, जवळा आणि प्लास्टिकच्या चार पिशव्यांत गुंडाळलेली एक बाटली घेऊन. बाटलीत आमच्या खाडीचं पाणी. नवी होडी पाण्यात जायच्या आधी तिला घरच्या माणसाने घरच्या पाण्याने अंघोळ घालायची, ही आमच्या घरातली रीत. आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये बायकोने ती बाटली देवाजवळ ठेवली. मी म्हणालो, वास येईल.

बोट म्हणजे सोळा फुटी, फायबरची, सेकंडहँड. इथे तिला तर्राद म्हणतात. ऑफिसातल्या एका बहरीनी मित्राच्या जिदहफ्सच्या घरामागे ती ट्रेलरवर उभी असायची, आणि दर शुक्रवारी सकाळी मी बाबांना घेऊन तिथे जायचो, तिला सजवायला. सजवायलाच. दुसरा शब्द नाही. मासे दाखवणारा स्क्रीन बसवला, त्याच्या शेजारी जीपीएस, गळाच्या काठ्या उभ्या करायला स्टीलच्या नळ्या, निळे दिवे, पेप्सीचे डबे ठेवायला खाचा. मी विजेचा इंजिनियर, सगळं वायरिंग स्वतः केलं. बोटीत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंपही आणला होता. तो खाली अंधारात बसवायचा, कुणाला दिसत नाही. म्हणून त्याची वायर जोडायची राहिली. निळे दिवे आधी लागले.

बाबा सावलीत स्टूल टाकून बघत बसायचे. इंजिनाला मागे हाताने वळवायचा दांडा होता. तो पकडून त्यांनी दोनदा इकडे-तिकडे फिरवून पाहिला आणि लहान मुलासारखे हसले. पुढच्या शुक्रवारी मी तो काढून मोटारीसारखं स्टिअरिंग बसवलं.

"दांडा काय झाला?" बाबा म्हणाले.

"जुनाट दिसतो हो तो. हे बघा, एका बोटाने फिरतं."

त्यांनी एका बोटाने फिरवलं. "बरा हाय," म्हणाले, आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

एकदा त्यांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापला, कडा ठोकून बोथट केल्या, दोरीची मूठ लावली. पाणी उपसायला. दोन तास लागले त्यांना, बोटं सुजलेली. मित्राने डबा हातात घेऊन बघितला, "बहोत अच्छा, हज्जी," म्हणाला; इथे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला मानाने हज्जीच म्हणतात. त्याची पाठ वळली तसा मी तो कचऱ्याच्या पिंपात टाकला. एवढ्या चकाचक बोटीत तेलाचा डबा? लोक काय म्हणतील! बाबांना पिंपात तो दिसला. मी बघितलं त्यांना बघताना. तरी मी तो बाहेर काढला नाही.

बोट सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला अंघोळ घातली. नळाच्या पाण्याने आतून-बाहेरून घासली, मग बाटलीतलं खाडीचं पाणी थेंब-थेंब सगळीकडे शिंपडलं, पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावलं. आत पाणी साचलं. अशा बोटीला मागे, तळाशी, एक भोक असतं. जमिनीवर असताना त्याचं बूच काढायचं, म्हणजे साचलेलं पाणी वाहून जातं. ते बूच मी काढलं. मी, माझ्या या हाताने. अंगठ्याएवढं, काळं, रबरी. पाणी निथळायला लागलं, तेवढ्यात साहेबांचा फोन आला की उद्या तेही येणार. मी हरखलो आणि बोलत बोलत गाडीत जाऊन बसलो. बूच गिअरजवळच्या खाचेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बोटी पाण्यात सोडतात त्या सिमेंटच्या उतारावर, आमचे साहेब, ऑफिसातली पाच-सहा मंडळी, बायको, बहरीनी मित्र आणि बिर्याणीचं पातेलं, अशी जत्राच जमली होती. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, खांद्यावर टॉवेल, हातात गुदैबियाच्या दुकानातला नारळ. तो त्यांनी समुद्राला दिला आणि हात जोडले. कुणीतरी फोटो काढला. मी ट्रेलर मागे घेत होतो, तेवढ्यात ते गुडघे सांभाळत खिडकीपाशी आले.

"बाला, मागचा ता भोक..."

"बाबा, प्लीज! आता मधे मधे नको. सगळे बघतायत."

"नाय रं, बूच..."

"तुमच्या होडीला होतं का असलं काही? मग? मला माहितीय सगळं. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. बोट तरंगली, टाळ्या पडल्या. बाबांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, बोटीत चढायला. मी साहेबांकडे बघितलं, साहेब बोटीकडे बघत होते. मी म्हणालो, "बाबा, आधी साहेबांना एक चक्कर मारून आणतो. मग तुम्ही." त्यांनी मान हलवली आणि चपला खाली ठेवल्या, नीट, जोडीने.

चक्कर कसली! पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. बोट मागून जड लागायला लागली, मला वाटलं साहेबांचं वजन. मग पायांना पाणी लागलं. मग इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. मासे दाखवणारा स्क्रीन तेवढा चालू होता, त्यात एक मासा दिसत होता. मी पंपाचं बटण दाबलं. दाबतच राहिलो. वायर कुठे जोडली होती मी?

किनाऱ्यावरून बाबांचा आवाज आला. त्यांचा तो आवाज मी वीस-पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. "म्होरं! दोघं म्होरं या! टोकावर बसा!" आम्ही निमूट पुढे सरकलो, साहेबसुद्धा. इथला समुद्र उथळ, आम्ही काही फार लांब नव्हतो. बाबा सदऱ्यासकट पाण्यात शिरले. ज्या गुडघ्यांनी आमच्या इमारतीचे जिने चढवत नव्हते, त्या गुडघ्यांनी ते छातीभर पाण्यातून चालत आले, श्वास घेऊन बुडी मारली, हाताने भोक चाचपलं आणि खांद्यावरचा टॉवेल पिळून त्यात कोंबला. वर आले, पुन्हा गेले, घट्ट केला. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "डबा."

डबा कुठे होता? आइसबॉक्सचं झाकण दिलं. त्या झाकणाने त्यांनी पाणी उपसलं, आणि दोरी धरून आम्हा दोघांना ओढत किनाऱ्याला आणलं.

आता सांगायचं ते सांगतो. काठावर सगळे गोळा झाले. साहेबांची पँट मांडीपर्यंत भिजलेली. "व्हॉट हॅपन्ड?" त्यांनी मला विचारलं. मला त्याच क्षणी माहीत होतं काय झालं ते. बूच कुठे आहे तेही माहीत होतं. आणि मी बाबांकडे वळून ओरडलो, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "किसने बोला था नहलाने को? वो बूच को हाथ क्यों लगाया? चालीस साल क्या किया समंदर में?"

चोर तो चोर, वर शिरजोर. सदऱ्यातून पाणी गळत होतं त्यांच्या. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांच्या पँटकडे. मग साहेबांना हात जोडून मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरा गलती, साब. मेरे से हुआ."

"खलास, हज्जी, खलास," म्हणजे झालं, सोडून द्या, असं बहरीनी मित्र म्हणाला आणि त्यांना खुर्ची दिली. मग सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली. मीही खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

घरी जाताना बायकोने पाण्याची बाटली ठेवायला गिअरजवळच्या खाचेत हात घातला. बूच तिच्या हातात आलं. तिने ते वर धरलं, माझ्याकडे बघितलं. मागच्या सीटवर बाबा प्लास्टिक अंथरून बसले होते, सीट भिजू नये म्हणून. आरशात मला दिसलं, त्यांनी बूच बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. गाडीत आम्ही तिघंच. साहेब नव्हते, कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी एसी वाढवला.

"आता तरी बोला," बायको घरी आल्यावर म्हणाली.

"बघू नंतर," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळींचं जेवण होतं. तिथे ही गोष्ट मीच रंगवून सांगितली: वडिलांनी पूजा करून बोट बुडवली! लोक पोट धरून हसले. एक जण बाबांच्या पानाशी येऊन म्हणाला, "काका, ते बोट बुडवणारे तुम्हीच का?" बाबाही हसले. हातातला घास ताटात ठेवून हसले.

बोट दुरुस्त झाली. मला आतून काहीतरी कुरतडत होतं, म्हणून म्हणालो, "बाबा, या शुक्रवारी जाऊ. आपण दोघंच. तुम्ही चालवा."

"नको रं. मना हल्ली बोट लागते."

तांडेलाला बोट लागते! मी आग्रह केला नाही. उलट सुटलो, असं वाटलं.

ते परत जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, गावाहून त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. वीस वर्षं दोघं एका होडीवर होते. मी त्याला काका म्हणतो. बाबा स्पीकर लावून बोलत होते, मी शेजारी पेपर वाचत होतो.

"काय तांडेल, पोरानं दिला का सुकानू?"

"दिला तर! पयल्याच फेरीला. बोलला, बाबा, तूच बस."

'तू' म्हणाले. माझ्या तोंडी 'तू' घातलं त्यांनी. मग पाणी कसं होतं, वारा कुठून होता, साहेब कसे बघतच राहिले, सगळं सांगितलं, न अडखळता. मी पेपर खाली ठेवला.

"दे बगू पोराला," काका म्हणाला.

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. डोळ्यांत काही विचारणं नव्हतं. नुसता धरला.

"बोल काका."

"काय रं, म्हाताऱ्यानं बरोबर चालवली ना?"

"हो काका. एकदम बरोबर."

"चालवनारच! आख्ख्या जन्मात एक होडी बुडवली नाय तुज्या बापसानं. एक नाय!"

बाबा खाली बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. आता तरी, आता तरी बोल, मी स्वतःला म्हणत होतो. गावात तरी कुणालातरी खरं कळू दे, की बुडवली ती मी आणि वाचवली ती यांनी.

"हो ना," मी म्हणालो आणि फोन परत दिला.

बाबांनी तो कानाला लावला. "मंग?" ते काकाला म्हणाले, "मी काय खोटा बोलतंय?"