एरियल काढलेली ॲम्ब्युलन्स

"सेट ठीक आहे ना? मग माणूस खोटं बोलतोय," डॉक्टर म्हणाले. जयरामदादांना कामावरून काढायचं त्यांनी ठरवलंच होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका हॉस्पिटलचे वायरलेस सेट मी सांभाळायचे. जयराम गावित मूळचे सुरगाण्याचे. पिंपळगाव बसवंतला हायवेवर आमची ॲम्ब्युलन्स उभी असायची, तिचे ड्रायव्हर. मंगळवारी आमच्या ऑपरेटरबाईंनी सेटवरून अपघाताचा कॉल दिला, त्यांचं उत्तरच आलं नाही. जखमीला टेम्पोतून आणावं लागलं. दादांचं म्हणणं एकच, "सेटवर द्राक्षवाले बोलतात. आपला आवाज येत नाय." नाशिकला तपासला तर सेट ठीक चालत होता, म्हणून सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले.

तरी डॉक्टरांकडून एक दिवस मागून घेतला आणि दादांबरोबर पिंपळगावला गेले. सेट लावला, तर काय! "पेट्या भरल्या का रे? कंटेनर थांबलाय!" दादांचं खरं होतं.

आमची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हवेतली ठरवून दिलेली वाट, लायसन्सची होती. तिच्यावर कुणाचा तरी बिनलायसन्सचा कॉर्डलेस फोन घुसला होता. घरापुरते छोटे कॉर्डलेस कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. हा गावभर पोचणारा होता. पण शोधायचा कसा? दिशा दाखवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

"मॅडम, एरियल काढू," दादा म्हणाले. "मग लांबचं ऐकू येणार नाय. जिथं ऐकू येईल तिथंच तो."

अहो, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला हे सुचलं नव्हतं! कमाल माणूस. गाडी हळूहळू फिरवली. द्राक्षं पेट्यांत भरायच्या एका पॅकहाउसच्या दारात सेट खणखणीत बोलायला लागला.

मालक आधी भडकले. "परदेशातून आणलाय. माझ्या फोनचा तुम्हाला काय त्रास?"

मी सगळं सांगितलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मंगळवारी एक बाई सारखी ॲम्ब्युलन्सला बोलवत होती. मला वाटलं, लाइन क्रॉस झाली. वैतागून आवाज बारीक केला."

फोन त्यांनी तिथल्या तिथे बंद केला. शिवाय नाशिकला येऊन डॉक्टरांसमोर हेच पुन्हा सांगितलं. डॉक्टर उठून दादांजवळ गेले. "माझं चुकलं, जयराम."

"असू द्या साहेब," दादा म्हणाले. "तो टेम्पोतून आलेला माणूस कसा हाय आता?"

मंगळवारपासून आम्ही फक्त सेटचीच चौकशी करत होतो.