अंबूताईंना दिलेली ट्रायल

“बाई लिहायला बसली की घरातलं मांजरसुद्धा तिच्याकडे संशयाने बघतं,” रजनी एकदा म्हणाली होती. घरात मांजर नव्हतं. त्यामुळे दत्तोजीरावांनी ते वाक्य स्वतःवर ओढून घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

म्हैसूरच्या शिवरामपेटेतलं त्यांचं दुकान म्हणजे पुढे कापड बेतायचं टेबल, एक उभा आरसा आणि भिंतीवर वडिलांचा, येसाजीरावांचा, हार घातलेला फोटो. पडद्यामागच्या खोलीत रजनीचं मशीन. ते कोट शिवायचे, ती ब्लाउज. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं निम्मं बोलणं त्या मशीनच्या आवाजातूनच चालायचं. सलग चाललं की सगळं ठीक, तुटक वाजलं की काहीतरी बिनसलंय. पण यंदाच्या उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर मशीन वाजेनासंच झालं. पडद्याआड माणूस आहे, दिवा आहे, पंखा फिरतोय, आणि आवाज नाही. दत्तोजीरावांच्या मनात पाल चुकचुकली.

पडदा सरकवून पाहिलं तर ती झोपलेली नव्हती. ताठ बसलेली, पुढ्यात बेतायचा खाकी कागद, हातात पेन.

“काय चाललंय?”

“सुम्ने,” ती म्हणाली. उगीचच.

सुम्ने म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे दत्तोजीराव दुकानात बसून शिकले होते. सुम्ने आलो म्हणणारं गिऱ्हाईक शेवटी पोट सुटल्याने घट्ट झालेली पँट पिशवीतून काढतंच. त्यांनी नाना तर्क केले. सोसले गावच्या भावाला काही कळवते आहे? जमिनीचं काही आहे? की आपल्याबद्दलच कुणाकडे तक्रार? एकदा चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने ते वाकले, तर तिने कागदावर तळहात ठेवला. हात काही फार मोठा नव्हता, पण त्याखाली आता अख्खं घर झाकलेलं असावं असं त्यांना वाटू लागलं.

कारण कळलं ते रजनीला आलेल्या एका फोनवरून. शहराच्या टोकाला हिनकलला राहणारी अलका, पुण्याहून इथल्या कंप्युटर कंपनीत आलेली, ब्लाउज शिवून घेता घेता रजनीच्या गप्पांत अडकली होती. तिच्या सोसायटीत रविवारी आठ-दहा मराठी माणसं जमायची, आपापलं लिहिलेलं वाचायची. रजनीताई, तुम्ही बोलता तसंच लिहा, असं ती म्हणाली होती.

“आणि तू लगेच बसलीस?” दत्तोजीराव म्हणाले. “तिला काय पाहिजे आपल्याकडून? फुकट कोण कुणाचं ऐकतं?”

“तेच मी पण विचारलं तिला.”

“मग?”

“हसली.”

“हसली म्हणजे काहीतरी आहे.”

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत रजनीला अलकापेक्षा जास्त संशय स्वतःचा होता. एक ओळ लिहायची, वाचायची, कागद चुरगाळायचा. हे मराठी मराठी म्हणायचं का? आपण ‘नको’ला ‘बेडा’ म्हणतो, ‘हो का’ला ‘हौदा’ म्हणतो, वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत उतरतं. पुण्याची माणसं तोंडावर पदर घेऊन हसतील. शिवाय कामं पडलेली. शिवाय चष्म्याचा नंबर. कारणं पुरेशी होती, आणि प्रत्येक कारण खरं होतं, म्हणूनच तिला त्यांचा संशय येऊ लागला. सगळीच कारणं एकाच दिशेला कशी ढकलतात?

मग एके दुपारी ती आपणहून बाहेर येऊन म्हणाली, “अहो, आपण कोट एकदम पक्का शिवतो का?”

“वेड लागलंय? आधी धावदोरा. ट्रायल झाली की उसवायचा.”

“अय्यो, मग मी पहिल्यापासून पक्की शिलाई कशाला मारत बसले?”

एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून पेन मशीनसारखं चाललं. वाकडंतिकडं, लांब टाक्यांचं, केव्हाही उसवता येईल असं. दत्तोजीरावांना मात्र वाटलं, उत्तर दिलं नसतं तर बरं. आपणच तिच्या हातात कात्री दिली.

आणि मग तिने ती चूक केली जी शिंपीच करू शकतो. लिहून झालं, तर ट्रायल द्यायला हवी, असं तिने धरलं. ज्याच्यावर बेतलंय त्याच्याच अंगावर चढवून बघायचं, दुसरं काय? तिने घरातच राहणाऱ्या नणंदेला, अंबूताईंना, पडद्यामागे बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि वाचायला लागली. दत्तोजीराव बेतायच्या टेबलाशी खडू हातात धरून उभे राहिले. कापडावर एकही रेघ पडली नाही. कान पडद्याला लागले होते.

ते नवरदेवाच्या कोटाबद्दल होतं.

येसाजीरावांचा लग्नाचा कोट म्हैसूरच्या मराठी घरांत नावाजलेला. त्यांचा रिवाज होता: कोट पुरुषानेच शिवायचा, शेवटचा टाका तेवढा घरातल्या सवाष्णीने घालायचा आणि अस्तराला आतून कुंकवाचं बोट लावायचं. नवरा गेलेल्या बाईची सुई त्या कापडाच्या जवळपासही नको. रजनीने लिहिलं होतं, की मी सून होऊन या घरात आले तेव्हा मामंजींचे हात थरथरत होते. धागा सुईत जात नव्हता, आणि नवऱ्याचा हात अजून कोटाला बसला नव्हता. पुढे बसून ते मापं घेत, आणि मागच्या खोलीत, दार लावून, पांढऱ्या साडीतली अंबूताई अख्खा कोट शिवत असे. सासूबाई शेवटचा टाका घालत. सात-आठ वर्षं असं चाललं. त्या कोटांत उभ्या राहिलेल्या मुलांचे संसार झाले, मुलं झाली, कुणाचं वाईट झालं नाही. माझ्या नवऱ्याचा कोटही तिनेच शिवला. त्यांचं तेवढं पोट सुटलं.

पडद्यामागे हसू आलं नाही.

“हे कोण ऐकणार?” अंबूताईंनी विचारलं.

“हिनकलची माणसं. अनोळखी.”

“अनोळखी कुणी नसतं म्हैसूरमध्ये. अगं, माझं नाव काढून टाक कणे.”

रजनीने नाव काढलं. दुसऱ्या दिवशी अंबूताई म्हणाल्या, साडीचा रंग काढ, त्यावरून कळतं. साडी काढली. मग दार लावल्याचं काढ. मग सुईचं. दत्तोजीरावांनीही मध्ये तोंड घातलं, म्हणाले, बाबांचे हात थरथरत होते हे कशाला, थोडं थकले होते असं लिही. जो तो इथे घट्ट, तिथे सैल सांगत होता. शेवटी रजनीने उरलेलं मोठ्याने वाचलं: “आमच्या घरी कोट शिवत. छान असत.”

“आयतु, झालं, हे बरं आहे,” दत्तोजीराव म्हणाले.

“हे हँगरला शोभेल,” रजनी म्हणाली, आणि तो कागद टेबलावर ठेवून आत गेली. पहिला पूर्ण कागद तिने फाडला होता की नाही, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी कचऱ्याची टोपली पाहिली. चिंध्यांच्या पोत्यातही हात घातला. काही मिळालं नाही.

त्या शुक्रवारी शेषगिरी आले. विठ्ठल मंदिराच्या कमिटीवरचे, जुनं गिऱ्हाईक. त्यांचा स्वतःचा लग्नाचा कोट याच दुकानातला, आणि आता मुलाचा, गगनचा, इथेच शिवायला टाकलेला. हातात फोन होता. अलकाने रविवारच्या वाचनाची जाहिरात केली होती, आणि ती हिनकलहून फिरत फिरत मंदिराच्या ग्रुपवर पोचली होती: रजनी वाचणार, ‘नवरदेवाचा कोट’.

“एनप्पा, काय दत्तोजी, मंडळी लेखक झाल्या म्हणे! कुठल्या नवरदेवाचा कोट?”

“सुम्ने,” दत्तोजीराव म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून दचकले. “शिवायची पद्धत वगैरे.”

“पद्धतच ना?” शेषगिरींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “आमच्या आईने तुमच्या कोटाला नमस्कार केला होता, माहीत आहे? मी पण येतो रविवारी ऐकायला.”

ते गेल्यावर गगनच्या कोटाची बाही दत्तोजीरावांनी उलटी लावली. शेषगिरी ऐकणार, मग मंदिर ऐकणार, मग प्रत्येक घरात कपाटातून एकेक कोट निघणार आणि लोक त्याच्या अस्तराकडे निरखून बघणार. कुणाच्या घटस्फोटाचं, कुणाच्या आजारपणाचं मूळ त्या टाक्यांत सापडेल. ऑर्डरी जातील ते जातील. बाबांचं नाव?

रविवारी दुपारी त्यांनी दुकान बंद असूनही खुर्ची नेमकी दारात मांडली. अंबूताई टेबलापाशी गगनच्या कोटाला इस्त्री करत बसल्या होत्या. रजनी इरकली नेसून बाहेर आली. खांद्याला पिशवी.

“कुठला कागद घेतलास?” दत्तोजीरावांनी विचारलं.

“सगळा आहे तो.”

“म्हणजे फाडला नव्हतास!”

“ट्रायलला बिघडला म्हणून कोण कापड फाडतं का?”

“शेषगिरी येणार आहेत तिथे. कळतंय का तुला? तू वाचून मोकळी होशील, इथे आम्हाला तोंड लपवावं लागेल.” ते बहिणीकडे वळले. “ताई, तू तरी सांग तिला. तुझंच नाव जाणार आहे.”

अंबूताईंनी इस्त्री उभी केली. दत्तोजीरावांना धीर आला. बहीण आपल्या बाजूची आहे, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

“शेषगिरीच्या कोटाची कॉलर,” अंबूताई म्हणाल्या, “मी दोनदा उसवली होती. त्याचा एक खांदा खाली आहे. बाबांच्या मापात ते आलं नव्हतं. मी दाराच्या फटीतून पाहिलं, आणि आतून जाड कॅनव्हास भरून तो खांदा उचलला. अजून त्याला माहीत नाही तो वाकडा आहे म्हणून.” त्या रजनीकडे वळल्या. “हे लिहिलंयस का?”

“नाही,” रजनी म्हणाली.

“मग?”

“ताई!” दत्तोजीराव उठून उभे राहिले. “तूच म्हणालीस ना, नाव काढ?”

“म्हणाले होते.”

“आणि आता?”

अंबूताईंनी कोट झटकला आणि त्या बाही सरळ करू लागल्या. दत्तोजीराव एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. या दोघींचं आधीच ठरलं होतं का? केव्हा? पडद्यामागे? की बाबा मापं घेत होते तेव्हापासून? ज्या घरात आपण जन्मलो त्याच्या मागच्या खोलीत आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं त्यांना वाटलं, आणि आता बघायला उशीर झाला होता की काय, तेही कळेना.

रजनीने पिशवीतून कागद काढला, टेबलावर गगनच्या कोटाशेजारी पसरला आणि उभ्या उभ्याच समासात दोन ओळी लिहिल्या. वर अंबूताईंचं नाव पुन्हा घातलं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, घडी केली.

“रजनी,” दत्तोजीराव म्हणाले. “निदान शेषगिरी उठून गेल्यावर वाच.”

तिने चपला घातल्या, दारातली खुर्ची हाताने बाजूला सरकवली, आणि बाहेर पडली.