तिला सोडवायला कोण येतं?

बाळांनो, तुमची आई चौथीत असताना आम्ही इथे आखातात, घुब्रातल्या याच घरी व्हिडिओ कॅसेटवर एक सिनेमा पाहिला होता. त्यातली अचाट शक्तीची बाई आखूड झग्यात, उंच टाचांवर उडायची, दोन गुंडांना लोळवायची आणि तिसऱ्याच्या तावडीत सापडली की नायकाला हाका मारायची. "मग हिला शक्ती दिली कशाला?" तुमच्या आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, "टाचा सांभाळायला."

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी मला अशाच एका नव्या सिनेमाला घेऊन गेली. मराठी मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेत तिला त्यातली बाई व्हायचं होतं आणि कपडे मी शिवणार होते, म्हणून वही-पेन्सिल घेऊनच बसले. या बाईला पँट, सपाट बूट, घट्ट वेणी. शिवाय गुडघा दुखावलेला. ती दरीत कोसळली तेव्हा मी कुजबुजले, "आता हिला सोडवायला कोण येणार?"

"कोणी नाही गं आजी. तीच येते."

कपडे अगदी मापात बसले. अडचण वेगळीच होती. आमच्या मंडळात नुसतं नटून भागत नाही, चार वाक्यं मराठीत बोलावी लागतात. गेल्या वर्षी ती फुलपाखरू झाली होती आणि एकही शब्द न बोलता रडत खाली आली होती. यंदा काही झालं तरी बोलायचंच, असा तिचा हट्ट होता. मी तिला माझ्या मते सुरेख भाषण लिहून दिलं: "मी दुर्जनांचे निर्दालन करते." आठवडाभर घोकून घेतलं.

स्टेजवर "मी दुर्..." इथेच गाडी अडली. मी कागद घेऊन पायऱ्यांपर्यंत पोचले, तर तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"मी उडते," ती म्हणाली. "कधी कधी पडते पण. खूप लागते. मग मी परत उडते. खलास!"

हशा पिकला, टाळ्याही पडल्या. नंबर मात्र आला नाही. खाली येऊन तिने विचारलं, "आजी, काही राँग बोलली का मी?"

"एक अक्षरही नाही," मी म्हणाले.

हे तुमच्या आईला सांगू नका. हॉस्टेलमधून आलेली तिची पत्रं मी लाल शाईने तपासून परत पाठवत असे.