दडवलेले रणगाडे आणि माझा माइक

जत्रेतल्या कुस्त्यांचं निवेदन करून करून माझ्या जिभेला एक खोड लागली होती: दिसलं की सांगायचं. पैलवान कुठला, कुणाचा पोरगा, वस्ताद कोण, आता कुठला डाव टाकणार, सगळं. आखाड्यात ते खपतं. तिथं डाव दोघांच्या डोळ्यांदेखत असतो. साताऱ्यातल्या एका संगणक क्लासवाल्यानं खेळाच्या स्पर्धेसाठी माझ्या हाती माइक दिला, तेव्हा हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही. माझ्या तर कुठलाच फरक कधी वेळेवर ध्यानात येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वायरीनं जोडलेले दोन संगणक, त्यावर लढाईचा खेळ. एकाचं सैन्य दुसऱ्याला दिसू नये म्हणून मधे पुठ्ठ्याचा आडोसा. मी मात्र पाठीमागनं दोन्ही पडदे बघत हिंडायचो आणि कर्णा रस्त्यावरच्या गर्दीला ऐकवायचा. खेळणाऱ्यांनाही कान असतात, हे कुणाला सुचलंच नाही.

अंतिम फेरीत तीन डाव. एकीकडं सांगलीचा इंजिनिअरिंगचा पोरगा, दुसरीकडं रहिमतपूरची मुलगी. जिंकेल त्याला वर्षभर क्लास फुकट. तिला तो हवाच होता, कारण घरचे फी भरायला तयार नव्हते. चहा पिताना तिच्या मैत्रिणीनं मला हे सांगितलं आणि मी ते कर्ण्यावर सांगितलं. वर फोडणी दिली, "पावणे बघून चाललेत, पण पोरगी शिकायचं म्हणतीया." तिची मान खाली गेली.

पहिल्या डावात मी गरजलो, "रणगाडे डोंगरामागं दडल्यात, मंडळी." सांगलीकरानं सरळ डोंगरच भाजून काढला. ती हरली आणि उठून क्लासवाल्याकडं गेली.

"ह्यांना गप करा. ही कुस्ती न्हाई."

"लोक निवेदनासाठी थांबल्यात, ताई."

"मग मी कशासाठी आलीय?"

त्यानं तिला परत खुर्ची दाखवली. मला मात्र घसा बसू नये म्हणून गरम पाणी दिलं.

दुसऱ्या डावाला तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या, सगळी फौज दाखवणाऱ्या छोट्या नकाशावर कागद चिकटवला आणि पडद्यावर पूल तेवढा ठेवला. पुलावर चार रणगाडे. मला दिसलं, मी सांगितलं. सांगलीकरानं सगळी फौज पुलाकडं पळवली आणि तिची फौज मागच्या बाजूनं त्याच्या तळात घुसली.

आता तो भडकला. "निवेदक फितूर हाय. ह्याच्यामुळं हरलो मी." पहिला डाव कुणामुळं जिंकलास, हे मी विचारणार होतो, पण उत्तर माझ्याच अंगावर येत होतं.

तिसऱ्या डावाला मला माइकसकट रस्त्यावर काढून दार लावून घेतलं.

"आत काय चाललंय?" गर्दी विचारत होती.

"मला काय म्हाईत."

"मग माइक कशाला धरलायस रं?"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या मागून सांगलीकर पडल्या चेहऱ्यानं आला, तेव्हाच निकाल कळला. मी माइक तोंडाशी नेला. तिनं तो हातानं झाकला.

"आधी घरी मी सांगते. फोन करून येते, मग काय बोंबलायचं ते बोंबला."

ती समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. काचेआड तिचे ओठ हलताना दिसत होते. मी माइकचं बटण बंद केलं.

गर्दीतला एक म्हातारा जवळ आला. "आवाज गेला व्हय रं?"