कुबातच्या चुका

एखाद्याने आपल्या कामातला दोष दाखवला, तर तो त्याला खरोखर दिसला म्हणून दाखवला, की आपण मागितला म्हणून आदरापोटी शोधून दिला, हे ओळखायचे कसे? इशेनाली आबांनी हा प्रश्न मला २०२१च्या नोव्हेंबरात, आमच्या इमारतीच्या माथ्यावर लिफ्टच्या यंत्रखोलीच्या दाराशी उभ्या उभ्या विचारला. त्या प्रश्नापर्यंत ते कसे पोहोचले, हे मी जवळून पाहिले आहे.

इशेनाली तुर्दुबायेव बिश्केकच्या सहाव्या मिक्रोरायोनमधल्या, म्हणजे सोव्हिएत काळातल्या गृहवसाहतीतल्या, चौदा लिफ्ट सांभाळत. मूळचे नारीनकडचे, तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आबा म्हणतात, म्हणून आम्ही शेजारीही आबाच म्हणत असू. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा धंदाच संशयाचा. दार लागत नाही अशी तक्रार येते आणि दोष सहसा दारात नसतो. तीस वर्षे हेच केल्यामुळे असेल, पण समोरचा माणूस जे बोलतो त्याच्या मागे दोन मजले वर काहीतरी वेगळेच बिघडलेले आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पाचव्या इमारतीतला एक रिले, म्हणजे लिफ्टचा वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी खटकी, त्यांना विचित्र वाटला. दोन ठोके नीट पडत आणि तिसरा किंचित उशिरा, लंगडत. आतला तुकडा झिजला होता. तो बदलण्यापूर्वी त्यांनी आवाज फोनवर टिपून घेतला. दुरुस्ती त्याच दिवशी झाली; आवाज त्यांच्यापाशी राहिला. महिनाभरात मुलीच्या टाकून दिलेल्या लॅपटॉपवर संगीत रचण्याचा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून ते त्या तीन ठोक्यांची माळ लावू लागले होते. चौपन्नाव्या वर्षी, कानांवर हेडफोन, खोलीचे दार आतून बंद.

शिकवणाऱ्यांचा तोटा नव्हता. इंटरनेटवर शेकडो तरुण रशियनमध्ये घाईघाईने शिकवत होते. आबा लिफ्टच्या नोंदवहीत टिपणे काढत आणि मला, शेजारच्या शाळामास्तराला, दाखवत.

"मास्तर, हा बघा. म्हणतो, अगदी नवशिक्यांसाठी. आणि पहिलंच वाक्य, 'आवाजाचे चढउतार दाबणारा आपला नेहमीचा कॉम्प्रेसर लावून घ्या.' नेहमीचा? माझा कुठला नेहमीचा? हे सगळे तिसऱ्या पायरीपासून सुरू करतात. पहिल्या दोन मुद्दाम लपवून ठेवतात."

"लपवतील कशाला?"

"ते विकायला. व्हिडिओ शेवटापर्यंत बघा, मग कळेल."

एप्रिलमध्ये त्यांना एक सूचना सापडली. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या तळघरात दर शुक्रवारी सहा वाजता इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी मंडळी जमतात; नवशिक्यांचे स्वागत; प्रवेश फुकट. 'फुकट' या शब्दावर त्यांनी बोट ठेवले.

"फुकट म्हणजे एक तर धर्मवाले, नाही तर साखळीवाले. पहिल्या दिवशी चहा पाजतील आणि तिसऱ्या दिवशी म्हणतील, आणखी पाच माणसं घेऊन या."

तरीही ते गेले. कामावरून थेट गेले, हीच चूक झाली. तळघरात नऊ-दहा तरुण मुले-मुली वायरींच्या जंजाळात बसलेली होती. निळ्या डगल्यातला, हत्यारांची पिशवी घेतलेला एक पोक्त माणूस दारात उभा राहिला आणि सवयीने प्रथम भिंतीवरच्या वीजजोडणीकडे पाहू लागला. बोलणे थांबले. कोपऱ्यातल्या एका मुलाने हळूच एका एक्स्टेंशन बोर्डाची पिन उपसली.

"आबा, कुठल्या खात्याकडून आलात?" त्यांच्यातली प्रमुख वाटणारी मुलगी म्हणाली. तिचे नाव मेरिम. ती दिवसा दातांचे साचे बनवत असे.

"खातं कसलं? शिकायला आलोय."

"काय शिकायला?"

"हेच. तुम्ही जे करता ते."

कोणाचाही विश्वास बसला नाही. पिन उपसणारा मुलगा एर्निस. फोनदुरुस्तीच्या गाळ्यावर काम करणारा. त्याने घाबरून चहा ओतला आणि पेला काठोकाठ भरला. पाहुण्याचा पेला आमच्याकडे अर्धाच भरतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ पेल्याचा अर्थ, हा प्या आणि निघा. आबांनी पेल्याकडे पाहिले, उभ्यानेच तो रिकामा केला आणि पिशवी उचलून ते बाहेर पडले. मेरिमला रिकामा पेला नव्हे, पण पेल्याभोवती सांडलेला चहा दिसला आणि घडले ते तिच्या ध्यानात आले. ती रस्त्यापर्यंत धावत गेली.

"आबा, तो शहरात वाढलाय, त्याला काही कळत नाही. आईनं शिकवलं नाही त्याला. तुम्ही परत या, नाहीतर आम्हाला पाप लागेल."

पुढच्या शुक्रवारी ते परत गेले. आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. कारण ती एक चूक पुसण्यासाठी त्या मुलांनी त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवले, नानचा पहिला तुकडा त्यांच्या हाती दिला, आणि त्यानंतर कधीही, कोणत्याही बाबतीत, त्यांचे काही चुकते असे म्हटले नाही.

तळघराची रीत अशी होती की प्रत्येकाने आठवड्यात केलेले काम तीन मिनिटे ऐकवायचे आणि बाकीच्यांनी त्यातले काय फसले आहे ते सांगायचे. ही मुले एकमेकांना सोडत नसत. "तुझा खर्ज म्हणजे चिखल आहे." "हे ढोल गावात सगळ्यांकडे आहेत, फेकून दे." "पहिलं मिनिट कापलंस तर कुणाला पत्ता लागणार नाही." मग आबांची पाळी येई. त्यांच्या तीन लंगड्या ठोक्यांची माळ संपली की मेरिम म्हणे, "फार सुंदर, आबा. आयुष्याचा अनुभव जाणवतो."

"अनुभव जाणवतो म्हणजे काय?" ते मला विचारत. "एकच ठोका आहे तो. एकच. त्यात अनुभव कुठून येणार? माझ्या मागे हसत असतील."

"हसणारी मुलं नान पुढे करत नाहीत."

"मास्तर, तुम्ही चांगल्या घरचे आहात. हसणारेच आधी नान पुढे करतात."

खात्री करण्यासाठी त्यांनी एक परीक्षा घेतली. घरच्या फ्रिजची घरघर तीन मिनिटे टिपली आणि काहीही न करता तशीच शुक्रवारी ऐकवली. मंडळी डोळे मिटून ऐकत राहिली. "धाडसी आहे," कोणीतरी म्हणाले. आबांना पुरावा मिळाला. अडचण इतकीच की या संगीतात फ्रिजची घरघर खरोखरही धाडसी ठरू शकते; ती मुले खोटेच बोलत होती असे म्हणायला मला आजही आधार नाही. तसे मी त्यांना सांगितले, तर त्यांनी माझ्याकडेही जरा निरखून पाहिले.

जूनमध्ये त्यांनी कामाच्या फोनवरून तळघराच्या चर्चागटात दुसरे खाते उघडले. नाव कुबात, वय एकोणीस, राहणार तोकमोक. कुबातने आपला पहिला तुकडा टाकला आणि पहा ऐकून, म्हणून विनंती केली. एर्निसचे उत्तर सात मिनिटांत आले.

"भावा, तुला कान आहेत की बटणं? सगळे आवाज एका खोलीत कोंबलेत, खिडकी तरी उघड. खालचे स्वर काप. कसे कापायचे माहीत नसेल तर विचार, लाजू नकोस."

आबांनी हे नोंदवहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, तारखेसह. कुबात विचारत गेला आणि एर्निस सांगत गेला. कोणते धडे पाहायचे, कोणते सोडायचे. कोणती सॅम्पल, म्हणजे आवाजांचे तयार तुकडे, फुकट आणि कायदेशीर मिळतात. जुने पण चांगले हेडफोन बाजारात कोणाकडे असतात. त्या लपवलेल्या पहिल्या दोन पायऱ्या अखेर एर्निसने सांगितल्या, शिव्या घालत घालत. शुक्रवारी मात्र तोच एर्निस आबांपुढे अर्धा भरलेला पेला दोन्ही हातांनी धरी आणि मान खाली घालून म्हणे, "छानच होतं, आबा."

घरात वेगळे वादळ उठले. त्यांच्या पत्नी बुसायरा, ज्यांना आम्ही थोरली बहीण या अर्थाने एजे म्हणत असू, एका दुपारी कामाचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"मास्तर, वाचा. कोण ही मेरिम? 'कुबात, एकदा ये ना, सगळे तुझी वाट बघतात.' कुबात कोण? आमच्या घरचा माणूस कुबात कधीपासून झाला?"

मी जे होते ते सांगितले. त्यांनी फोन पालथा ठेवला.

"बाई असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "बाईचं शेजाऱ्यांना सांगता तरी येतं."

ऑक्टोबरात कुबातचे काम चांगले होऊ लागले, आणि त्यामुळेच तो सापडला. एका नव्या तुकड्यात आबांनी तो जुना रिले वापरला. दोन ठोके, मग तिसरा लंगडत. मेरिमने ओळखला, एप्रिलपासून ती तो दर शुक्रवारी ऐकत आली होती. तासाभरात सगळ्या गटाने कुबातला घेरले. "आमच्या आबांचे आवाज चोरतोस? म्हाताऱ्या माणसाच्या पानातलं उचलताना लाज नाही वाटली?" कुबातला उत्तर देण्याचीही सवड न देता गटातून काढून टाकण्यात आले. सहावीतल्या मुलाला वर्गाबाहेर काढावे तसे आपल्याला काढले, असे आबा मला म्हणाले, आणि पुढे, "माझ्या बाजूनं काढलं, मास्तर. आता मी तक्रार कुणाकडे करू?"

त्या शुक्रवारी त्यांना मानाच्या जागी बसवून मेरिमने गंभीरपणे सांगितले, "आबा, तुम्ही काळजी करू नका. तो चोर गेला. पण तुमचे आवाज त्याला आतल्याच कुणीतरी दिले. या खोलीबाहेर ते कुणाकडेच नव्हते." ती एर्निसकडे वळली. "कुबातशी सगळ्यात जास्त तूच बोलायचास. रोज. त्याच्यासाठी एवढा जीव का टाकत होतास?"

"शिकत होता म्हणून," एर्निस म्हणाला.

"तोकमोकच्या पोराला तू फुकट शिकवणार? तू? तू चार्जरसुद्धा उसना देत नाहीस."

काही जण हसले. एर्निस हसला नाही. "मी काही दिलं नाही," तो म्हणाला, पण कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. एकाने तर दाराजवळचे त्याचे बूट, निघण्याची खूण म्हणून, पायाने बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले. आबांपुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहिले तर एर्निस जाणार होता, म्हणजे त्यांना खरे बोलणारा एकुलता एक माणूस जाणार होता. बोलले तर ते मानाची जागा आणि कुबात, दोन्ही गमावणार होते.

"कुबात मीच आहे," ते म्हणाले.

कोणाला कळेना. मग त्यांनी कामाचा फोन काढून मध्ये ठेवला.

"तुम्ही माझ्याशी खरं बोलत नव्हतात. त्याच्याशी बोलायचात."

मेरिमने ओढणीने तोंड झाकले. एर्निसचा चेहरा प्रथम पांढरा पडला आणि मग कानांपर्यंत लाल झाला. वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण चार महिने काय काय लिहिले, ते त्याला एकामागून एक आठवत असावे. तो उठला, बूट हातात घेऊन अनवाणीच जिना चढला आणि निघून गेला.

दोन शुक्रवार तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आबा नोंदवही घेऊन त्याच्या गाळ्यावर गेले. मलाही बरोबर नेले, साक्षीदार म्हणून. एकट्याने गेलो तर मुलगा मागच्या दाराने पळेल, असा त्यांचा संशय होता. एर्निसने खरोखरच मागे पाहिले.

"आबा, मी तुम्हाला काय काय बोललो."

"लिहून ठेवलंय. एक्केचाळीस वाक्यं." त्यांनी वही उघडली. "अडतीस बरोबर आहेत."

"आणि तीन?"

"त्या तिन्हीत तू म्हणतोस, एकोणिसाव्या वर्षी इतका मंद माणूस मी पाहिला नाही. ते चुकलं. मी चौपन्नचा आहे."

एर्निसने हातातला फोन खाली ठेवला. हसावे की माफी मागावी हे त्याला ठरवता येईना, आणि आबा त्याला मदतही करत नव्हते. "बत्तिसावं वाक्य मला समजलंच नाही," ते म्हणाले. "ते सांग." गिऱ्हाईक ताटकळत असताना त्याने ते सांगितले. अर्धा तास लागला.

पुढच्या शुक्रवारी आबा सगळ्यांच्या आधी तळघरात पोहोचले आणि दाराजवळ, जिथे सर्वांत धाकट्याने बसायचे असते तिथे, चहाची किटली मांडीशी घेऊन बसले.

"आबा, वर बसा," मेरिम आल्या आल्या म्हणाली.

"शिकायला लागून नऊ महिने झाले मला. इथं माझ्याहून लहान कोण आहे?"

"लोक आम्हाला नावं ठेवतील."

"लोकांना बोलावलंय कोणी?"

त्यांनी चहा ओतला. मुले पेले हातात धरून उकिडवी बसून राहिली. एक जण तर प्रत्येक घोटाला अर्धवट उठत होता. त्यांचा तुकडा वाजला आणि संपला. मग भिंतीकडे पाहत एर्निस म्हणाला, "दुसरं मिनिट लांबलंय." थोडे थांबून, जणू चावल्याशिवाय गिळता येत नव्हते म्हणून, तो पुढे म्हणाला, "आबा."

"किती?"

"वीस सेकंद."

"मला वाटतं तीस," मेरिम म्हणाली, आणि आपल्याच धिटाईने दचकून तिने नान त्यांच्याकडे सरकवला.

आबांनी वही काढून दोन्ही आकडे लिहून घेतले. यंत्रखोलीच्या दाराशी मला तो प्रश्न त्यांनी विचारला, तो याच्या दुसऱ्या दिवशी.

२०२३च्या नोव्हेंबरात तळघराचे पहिले संकलन निघाले. इशेनाली तुर्दुबायेव यांची चार मिनिटे अकरा सेकंदांची रचना त्यात सातवी आहे. निवडीच्या वेळी बारापैकी दोघांनी, आबांच्या समोरच, तिच्याविरुद्ध मत दिले होते.